गोठ्यातली बाळंतीण

माझ्या दुसऱ्या बाळंतपणाचे डिंकाचे लाडू एका कांगारूनं हुंगून नाकारले होते. हे मी आयुष्यात पुष्कळ जणांना सांगितलं, आणि प्रत्येकानं आधी माझ्याकडे आणि मग आमच्या यजमानांकडे पाहिलं, बिचारे किती सोसतात अशा नजरेनं. म्हणून आता एकदा सगळं पहिल्यापासून सांगून टाकते.

स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. आम्ही मुलुंडला राहत होतो. वाडीत आमचं बैठं घर, मागे भाडेकरूंच्या खोल्यांची रांग, मध्ये विहीर आणि विहिरीपलीकडे रिकामा गोठा. त्यातली शेवटची म्हैस मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, कचेरीतून निवृत्त झाल्याबरोबर विकून टाकली होती. तीस-पस्तीस कारकुनांवर हुकूम चालवलेला माणूस. घरी बसल्यावर हुकूम सोडायला कुणीतरी लागणारच, आणि म्हैस त्यांचं अजिबात ऐकत नसे.

गोठ्याकडे तोंड केलेली जी खोली, तीच बाळंतिणीची. पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं, तिथं आई लाड करायची. दुसरं सासरी. सासूबाईंचा कारभार कडक. खोलीत अंधार, खाटेखाली शेगडी, कानात कापूस, डोक्याला घट्ट रुमाल, सकाळ-संध्याकाळ ओवा-शेपांची धुरी आणि सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. माणसं भेटायला आली की सासूबाई दारातच अडवायच्या, "झोपलीय ती." मी टक्क जागी असायची. त्यात दुसरीही मुलगीच झाली म्हणून येणाऱ्या बायका चेहरा पाडून यायच्या, तेवढं एक ऐकायला लागत नव्हतं हे बरं. पण मला माणसं हवी होती, वारा हवा होता, आणि सासूबाईंचा मला मनापासून राग येत होता. माझी करमणूक म्हणजे खिडकीच्या फळ्यांमधली एक फट. तिच्यातून गोठा दिसायचा.

अशा वेळी मामंजींनी गोठ्यात पहिलवान आणून ठेवला.

झालं असं की दिवाळीनंतर स्टेशनजवळच्या मैदानात सर्कस उतरली होती. तिचा मॅनेजर सांगलीकडचा, पायात करकर वाजणारे बूट, आवाज तंबूच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. त्याच्याकडे हातात ग्लोव्हज घालून माणसाशी बॉक्सिंग खेळणारा कांगारू होता. सर्कशीत त्याला पहिलवान म्हणत. पण पहिलवानाची तब्येत बिघडली होती. पोट फुगलं होतं, आणि ग्लोव्हज चढवले की तो मटकन खाली बसायचा. सर्कस कल्याण-नाशिक करून परत येणार होती, तोवर आजारी जनावराला कुठंतरी सावली हवी होती. कुणीतरी आमचा गोठा सुचवला.

"घेऊन या," मामंजी म्हणाले. "शब्द दिला. परत याल तेव्हा जसाच्या तसा घेऊन जा."

मामंजींच्या शब्दाला आमच्या घरात सगळे फार भीत. ते शब्द द्यायचे आणि पाळायचा बाकीच्यांनी.

"बाळंतिणीच्या घरात पहिलवान?" सासूबाई म्हणाल्या. "आणखी कोण कोण येणार आहे? हत्तीला न्हाणीघर लागेल का?"

"अगं, परदेशी पाहुणा आहे तो. ऑस्ट्रेलियाचा."

"मग त्याला ताजला उतरवा."

पण पहिलवान आला. हातगाडीवरच्या पिंजऱ्यातून उतरला, दोन उड्यांत गोठ्याच्या कोपऱ्यात गेला आणि शेपटीवर टेकून बसून राहिला. सगळ्या वाडीनं त्याला पाहिलं. उंदराचं तोंड, गाढवाचे कान, आणि हात मात्र शाळेतल्या शिक्षा झालेल्या मुलासारखे पुढे धरलेले. पिंजऱ्याबरोबर लाल ग्लोव्हजही आले होते. ते मामंजींनी ओसरीवर खुंटीला लावून ठेवले.

आमच्या शेजारी एक गृहस्थ राहायचे, त्यांना सगळे मिलिटरीकाका म्हणत. युद्धात ते आफ्रिकेच्या वाळवंटात सामानसुमानाच्या कोठारावर होते, आणि तिथं त्यांची ऑस्ट्रेलियन सोल्जरांशी दोस्ती झाली होती. या भांडवलावर ते दहा वर्षं बोलत होते. आता तर ऑस्ट्रेलियाच दारात आला. ते रोज गोठ्यासमोर खुर्ची टाकून भाषण द्यायचे.

"आमचा सोल्जर सांगायचा ना, त्याच्या आईनं कांगारूची पोरकी पिल्लं वाढवली. गावात कुणालाही पिल्लू सापडलं की तिच्याकडे आणून द्यायचे. स्वैपाकघरात चुलीमागे नुसत्या पिशव्या टांगलेल्या, यार! एकेका पिशवीत एकेक पोर!"

"पिशवीत?" मामंजी म्हणाले. "कांदे-बटाट्यांसारखं?"

"ऑन माय वर्ड! आणि गाईचं दूध बिलकुल द्यायचं नाही. पोट बिघडून मरतात. आणि कुत्र्यांना तर जपावंच लागतं. कुत्रा मागे लागला की घाबरून आई पोर टाकते आणि पळते."

सासूबाई विहिरीवर पाणी ओढत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "टाकत नाही कुणी. निसटतं."

"अहो वहिनी, जनावर आहे ते. टाकतं."

"निसटतं," सासूबाई म्हणाल्या आणि घागर घेऊन निघून गेल्या. मिलिटरीकाकांच्या पिशव्यांची गोष्ट वाडीनं त्यांच्या बाकीच्या गोष्टींत जमा केली आणि विसरून गेली.

मामंजींनी पहिलवानासाठी वैद्य बोलावले. वैद्यांनी गोठ्याच्या दारातूनच त्याच्याकडे बारीक डोळे करून पाहिलं, नाडी बघायची गोष्टसुद्धा काढली नाही आणि जलोदर असल्याचं सांगितलं. उपाय एरंडेल. गुराला औषध पाजायचं बांबूचं नळकांडं भरून घेतलं, धोतर खोचलं आणि प्रेमानं "ये बाळा, ये" म्हणत ते पुढे झाले. पहिलवान शेपटीवर रेलला, दोन्ही पाय उचलले आणि वैद्यांच्या पोटावर अगदी हलकेच ठेवल्यासारखे ठेवले. वैद्य मागच्या मागे गव्हाणीत जाऊन बसले. एरंडेल सगळं त्यांच्याच अंगावर. मी फटीतून बघत होते आणि हसू दाबायला उशी तोंडात धरली होती. कितीतरी दिवसांनी हसले.

"केस गुंतागुंतीची आहे," वैद्य गव्हाणीतून म्हणाले.

पुढच्याच सकाळी मी फटीला डोळा लावला, तेव्हा पहिलवान कोवळ्या उन्हात उभा होता. त्याच्या पोटाची कातडी हलली. मग पोटातून एक तोंड बाहेर आलं. एवढंसं तोंड, मोठे काळे डोळे, एक कान उभा आणि दुसरा अजून घडी न मोडलेला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी किंचाळले.

"पहिलवानाच्या पोटात कुणीतरी आहे! माझ्याकडे बघतंय!"

सगळं घर धावत आलं. मामंजींनी माझ्याकडे पाहून मान हलवली. आमचे हे कपाळावर हात ठेवून ताप बघायला लागले. वैद्यांना परत बोलवायचं ठरलं, आणि वैद्य म्हणे पहिलवानासाठी नसेल तर येतो. बाळंतिणीला वारं लागलं यावर सगळ्यांचं एकमत झालं. डोक्याचा रुमाल आणखी घट्ट आवळण्यात आला. मी रडायच्या बेतात आले. खरं सांगते, खोलीत डांबल्यापेक्षा, डोळ्यांनी पाहिलेलं कुणी खरं मानत नाही याचा राग जास्त होता.

सासूबाई तेवढ्या उठून गोठ्याकडे गेल्या. परत आल्या तेव्हा पदर कमरेला खोचलेला होता.

"रुमाल सैल करा तिचा," त्या म्हणाल्या. "बरोबर बोलतेय ती. पहिलवान बाळंतीण आहे."

खरा पहिलवान मागच्या एका मुक्कामावर मेला होता आणि त्याच्या जोडीच्या मादीला त्याचेच ग्लोव्हज चढवून उभं केलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. नर की मादी हे पाहायला कुणाला सवड नव्हती. खेळणारेही ग्लोव्हज बघत आणि टाळ्या वाजवणारेही.

संध्याकाळपर्यंत सगळ्या मुलुंडभर झालं. भांडुप-नाहूरहून माणसं यायला लागली. शेंगदाणे घेऊन, लेकरं खांद्यावर घेऊन, कुत्री मागे घेऊन. महिला मंडळानं बारशाची तयारी विचारली. एक बाई तर नवस बोलून गेल्या. मामंजी दारात उभे राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला माहिती देत होते, आणि ती सगळी मिलिटरीकाकांची होती. ते मागे उभे राहून चुका काढत होते. मला भेटायला येणारी माणसंसुद्धा मला न भेटता गोठ्याकडे वळायला लागली.

"हिची ओटी देवानं शिवूनच पाठवलीय बघ," सासूबाई मला म्हणाल्या. त्यांच्या तोंडून कौतुकाचा शब्द मी प्रथमच ऐकत होते, तोही कांगारूबद्दल.

रविवारी मामंजींना परदेशी पाहुणीबरोबर फोटो काढायची हुक्की आली. ते कोट-टोपी घालून, काठी घेऊन गोठ्यात उभे राहिले, शेजारी कांगारू. फोटोवाला काळ्या कापडात शिरला. सासूबाई "अहो, नको" म्हणेपर्यंत फ्लॅशचा लखलखाट झाला. कांगारूनं जी उडी घेतली ती थेट गोठ्याच्या आढ्याला. गर्दी ओरडली, कुत्री भुंकत आत घुसली, मामंजींची टोपी गव्हाणीत. आणि त्या सगळ्या गोंधळात काहीतरी मऊ जमिनीवर पडलं.

सासूबाईंनी ते कुत्र्यांच्या आधी उचललं. कुत्र्याला पायानं ढकललं, पिल्लाला पदरात घेतलं आणि थेट माझ्या खोलीत आल्या. दार लावलं. पिल्लू थरथरत होतं, पाय लांबच लांब, कुठं ठेवायचे ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

"मिलिटरीकाकांना बोलव," त्या मला म्हणाल्या. खिडकीतून मीच हाक मारली. ते बाहेर येऊन उभे राहिले.

"ती पिशवीची गोष्ट परत सांगा," सासूबाई आतून म्हणाल्या. "आणि या वेळी खरी तेवढीच."

मिलिटरीकाकांचा आवाज एकदम लहान झाला. "खरीच आहे हो, वहिनी. ऊब द्यायची. अंधार. आवाज नको. आणि आई शांत झाली की तिचं तिला परत."

ह्यांच्या जुन्या पायजम्याची बाजाराची पिशवी होती. सासूबाईंनी ती झटकली, आत माझ्या लेकीचं दुपटं घातलं, पिल्लाला आत सोडलं आणि पिशवी शेगडीपासून बेताच्या अंतरावर खुंटीला टांगली. पिल्लू आत उलटंपालटं झालं. पिशवीतून एक पाय वर आला, मग आत गेला. पाळण्यात माझी लेक झोपली होती, खुंटीला हे पाहुणं. मला हसावं की घाबरावं कळेना. सासूबाईंनी पिशवीत हात घातला होता आणि तो काढला नाही. त्यांचे ओठ हलत होते. मी त्यांना कधी देवासमोरसुद्धा असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

दिवेलागणीला त्यांनी सगळ्यांना घरी पाठवलं, पिशवी घेतली आणि एकट्या गोठ्यात जाऊन भुईवर बसल्या. पिशवीचं तोंड उघडं धरलं. मी फटीतून पाहत होते. आई कोपऱ्यात उभी. सासूबाई हलल्या नाहीत. मग आई पुढे आली, पिशवी हुंगली, वाकली. पिल्लानं आईच्या पोटाच्या पिशवीत डोकं घातलं आणि कोलांटी मारून सगळंच्या सगळं आत गेलं. एक पाय तेवढा बाहेर राहिला. सासूबाईंनी तोही बोटानं आत सारला.

मग त्या ओसरीवर आल्या आणि त्यांनी जाहीर केलं की गोठ्याला सोयर आहे. बाळंतिणीला कुणी शिवायचं नाही, बघायचं नाही, वाडीत आवाज करायचा नाही.

"अगं, जनावराला कसलं सोयर?" मामंजी म्हणाले.

"तुम्ही फोटो काढलात ना? आता गप्प बसा."

मी तोवर सोयर-बियर म्हणजे बायकांना छळायची युक्ती समजत होते. पण गोठ्याला जो अंधार, जी शांतता, जी बंदी मिळाली, ती बघून वाटलं की हे कुणीतरी कधीतरी बाईच्याच सोयीसाठी काढलं असावं. वाडीनं ते पाळलं. कायद्याला कुणी भीक घातली नसती, सासूबाईंना घातली. कुत्री बांधली गेली. पोरांचं क्रिकेट रेल्वेच्या कुंपणाकडे हललं. लोक रेडिओवर गोधडी घालून, कान लावून ऐकायला लागले. भाडेकरूंच्या बायका, घरात गणपती नसताना, आळीपाळीनं कोवळी हरळी खुडून आणायच्या आणि दारात ठेवून जायच्या. कांगारूनं हरळी खाल्ली, सासूबाईंची तुळस खाल्ली, तिला काही म्हटलं गेलं नाही. डिंकाचा लाडू मात्र हुंगून तोंड फिरवलं. तो परत माझ्याच ताटात आला. मामंजींनी स्वतःला पहाऱ्यावर नेमलं आणि ते खोकलासुद्धा बाहेर रस्त्यावर जाऊन खोकायला लागले.

माहुलहून येणारी कोळीण रोज फाटकाशी खणखणीत हाक द्यायची. तिलाही बंदी झाली.

"अगो बाय," ती कुजबुजत म्हणाली, "तिचा पोर निजलाय म्हनून मी कोलंबी काय इशाऱ्यानं इकू?"

आणि तिनं खरंच इशाऱ्यानं विकली. बोटांनी भाव, मानेनं घासाघीस.

असं सगळं मार्गी लागलं आणि मॅनेजर परत आला. बरोबर लॉरी, पिंजरा आणि दोरखंड घेतलेली दोन माणसं. पिल्लाची बातमी त्याला कल्याणलाच लागली होती आणि तो खूश होता.

"आई बॉक्सिंग खेळनार आन् पोर पोटातनं बघनार! लोकं तंबू फाडत्याल!"

मिलिटरीकाका पुढे झाले. एवढ्यात हलवलं, तंबूतल्या बँडसमोर उभं केलं, तर पिल्लू जगणार नाही, असं त्यांनी सांगितलं. अगदी साधेपणानं सांगितलं, सोल्जरचं नावसुद्धा न काढता. मॅनेजरनं हात उडवला. मामंजी घुटमळले. "शब्द दिलाय मी," ते कुणाकडेच न बघता म्हणाले.

सासूबाई गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. "शब्द पहिलवानाचा दिलाय यांनी. पहिलवान इथं नाही. इथं बाळंतीण आहे."

"वैनी, जनावर हाय ते."

"तुमच्याकडे बाळंतिणीला गाडीत घालून तमाशाला उभी करतात?"

मॅनेजर चिडला. त्यानं माणसांना खूण केली, ओसरीवर जाऊन खुंटीचे ग्लोव्हज काढून हातात घेतले. दोरखंड उलगडला. सासूबाई दारातून हलल्या नाहीत. मग त्या बोलल्या, नेहमीच्या आवाजात, भाजी कशी करायची ते सांगावं तशा. मला खिडकीतून शब्द न् शब्द ऐकू आला.

"मला पाचव्या दिवशी उठवलं होतं. पहिलं मूल. घरात लग्न होतं, पाणी भरायला माणूस नव्हतं. या विहिरीवरून मी खेपा घातल्या. घरात पाहुणे, वाजंत्री, दार सताड उघडं, थंडीचे दिवस. परत आले तेव्हा मूल गार पडलं होतं. सगळे म्हणाले, आईनं दुर्लक्ष केलं, टाकलं. मी टाकलं नव्हतं."

ह्यांचा चेहरा मला दिसत होता. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

मामंजींनी टोपी काढली. ती हातात फिरवत राहिले. मग मॅनेजरला म्हणाले, "मी शब्द परत घेतो."

आयुष्यात त्यांनी परत घेतलेला तो एकच शब्द.

मॅनेजर गोठ्याच्या अंधाराकडे बघत राहिला. मग त्यानं ग्लोव्हज विहिरीच्या कठड्यावर ठेवले आणि माणसांना दोर गुंडाळायला सांगितला. "कवा येऊ, वैनी?" त्यानं विचारलं. तंबूतला आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

"पोर आपल्या पायावर बाहेर राहायला लागलं की. आणि हे ग्लोव्हज तिला पुन्हा घालायचे नाहीत."

"न्हाई घालत."

लॉरी गेल्यावर सासूबाई माझ्या खोलीत आल्या, ताटलीत लाडू घेऊन. नेहमीसारखंच दार ओढून घेतलं. मी म्हटलं, "सासूबाई, ते मूल..."

"मुलगी होती," त्या म्हणाल्या. "लाडू खा. सगळा खा."

पाळण्यातून त्यांनी माझ्या लेकीला उचललं आणि खिडकीशी जाऊन, माझ्याकडे पाठ करून, बराच वेळ उभ्या राहिल्या. त्या दिवशी मी लाडू सगळा खाल्ला, आणि माझा सव्वा महिना मी त्यानंतर एकदाही मोजला नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर मायलेकरं गेली. पिल्लू तोवर विहिरीभोवती उड्या मारत मामंजींच्या काठीशी खेळायला लागलं होतं. मॅनेजर स्वतः आला, बूट फाटकाशी काढून. सासूबाईंनी सुवासिनीची भरावी तशी कांगारूची ओटी भरली. नारळ मावेना, म्हणून हरळीची जुडी ठेवली. ती तिनं लॉरीत चढायच्या आधीच खाऊन टाकली. मिलिटरीकाका रडले आणि डोळ्यांत धूळ गेली म्हणाले.

ग्लोव्हज आमच्याकडेच राहिले. चुलीवरचं आंघोळीचं पाणी उतरवायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही, हा सासूबाईंचा शोध. वर्षानुवर्षं त्या सकाळी लाल ग्लोव्हज घालून न्हाणीघरात तपेली न्यायच्या. माझी धाकटी, तीच ती पाळण्यातली, शाळेत जायला लागल्यावर एकदा विचारत होती, "आजी, तू खरंच बॉक्सिंग खेळायचीस?"

"एकदाच खेळले गं," सासूबाई म्हणाल्या. "हो बाजूला, पाणी कढत आहे."